पुढे सरकवलेला पेला

शमूसरांच्या घरी संडासाच्या खिडकीत एक स्मृतिचिन्ह ठेवलेलं होतं. लाकडी पाटीवर पितळेची लेखणी, खाली सरांचं नाव आणि ‘उत्कृष्ट कथा’ अशी अक्षरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात जागा नसेल. पण घरात जागाच जागा होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही, दोन खोल्यांत एक खाट, एक टेबल आणि एक लोखंडी पेटी. शेवटी मी विचारलंच.

“तिथं रोज जावंच लागते,” ते म्हणाले. “बैठकीत ठेवलं असतं तं एखाद्या दिवशी नजर चुकली असती.”

ते हसले नाहीत. म्हणून मीही हसले नाही.

शमुवेल डोंगरे त्यांचं पूर्ण नाव. निरनिराळ्या गावांच्या शाळांत मराठी शिकवून ते निवृत्त झाले आणि सानगडीला येऊन राहिले. दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी त्यांच्या नावावर होती. तिन्ही पुस्तकं आता कुठे मिळत नाहीत, आणि ती मिळू नयेत याची काळजी ते स्वतः घेत. तालुक्याच्या वाचनालयातून त्यांनी एक संग्रह घरी नेला आणि परत केलाच नाही. ग्रंथपाल कुरकुरला तर म्हणाले, “दंड लाव, पुस्तक मागू नको.”

मी त्यांच्याकडे गेले ती भांडायला. माझी पहिली कथा एका अंकात छापून आली होती. आमच्या शेजारच्या किसनाबाबांवर होती. बाबांची तळ्याखालची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जमीनमोजणीत गेली, तो दिवस मी लिहिला होता. शेवटी बाबा आपल्या ढवळ्या बैलाच्या गळ्यात पडून रडतात, असं होतं. लोकांनी फोन करून वाखाणली. शमूसरांनी एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर एकच ओळ: ‘ज्याची आहे त्याला वाचून दाखवलीस का?’

मला राग आला. मी त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, “सर, मी शोषितांच्या बाजूनं लिहिते. माझी बाजू स्पष्ट आहे.”

“तुही बाजू समजली. त्याची इचारली का?”

“बाबांना वाचता येत नाही.”

“म्हणून तं वाचून दाखव म्हटलं.”

मी गेले. किसनाबाबा अंगणात दोर वळत बसले होते. सगळी कथा त्यांनी मान खाली घालून ऐकली. मग म्हणाले, “चांगलं लिवलं, पोरी. पण माया बैल बांडा होता. तू ढवळा लिवला. लोक म्हनतीन हा कोन्या दुसऱ्याचा हाय.” थोडा वेळ दोर वळला आणि म्हणाले, “न् मी रडलो नोतो वो. मले लय राग आला होता.”

सरांना येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचं आधण उतरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू त्याले रडवलं, कारण तुले त्याची दया करायची होती. रागावला असता तं तुले त्याले भ्यावं लागलं असतं.”

आजवर माझ्या लिखाणावर कोणी इतकं खरं बोललेलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि त्यांनी माझं नाव पाडलं पत्रकवाली.

त्याला कारण होतं. आमच्या घरात देव नव्हता, पत्रकं होती. बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती आणि कोपऱ्यात छतापर्यंत गेलेले पत्रकांचे गठ्ठे. माझे वडील सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून गावोगाव फिरत. अंगात येणं थोतांड आहे. मजुरीचा दर हा आहे, कमी घेऊ नका. पोरीला शिकवा. मी वाचायला शिकले ती छपाईत वाकड्या गेलेल्या, वाटायला न नेलेल्या पत्रकांवर. त्यामुळे माझ्या मनात एक गोष्ट लहानपणापासून पक्की होती: खरं छापायचं, माणसाच्या हातात द्यायचं, पुढचं काम खरं आपलं आपण करतं. मी कशावरच श्रद्धा ठेवत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. ही श्रद्धाच होती, हे फार उशिरा कळलं.

सरांच्या सवयी विचित्र होत्या. ते कागदाच्या एकाच बाजूला लिहीत. दुसरी बाजू ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यासाठी. कोणावर गोष्ट लिहिली की कापडी पिशवीत घालून त्याच्या घरी जात, वाचून दाखवत, आणि तो माणूस जे म्हणेल ते मागच्या बाजूला त्याच्याच शब्दांत उतरवून घेत. ‘छापू नका’ म्हणाला तर तेही लिहीत, आणि ती गोष्ट लोखंडी पेटीत जाई. पेटीत अशा वीस-बावीस गोष्टी होत्या. त्यांतल्या तीन-चार मी चोरून वाचल्या. त्या तोडीचं लिखाण आमच्या भागात मी दुसरं वाचलेलं नाही. हे गाडून ठेवणं म्हणजे गुन्हा आहे, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले.

“लेखक म्हणजे न इचारता घरात शिरलेला मानूस,” ते म्हणाले. “निदान चप्पल तं बाहेर काढ.”

ते नेहमी असे नव्हते. त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात की वर्गात त्यांचा दरारा छडीचा नव्हता, जिभेचा होता. कोणाचा निबंध फसला की ते तो मोठ्यानं, अभिनय करून वाचत. वर्ग हसून लोळे आणि तो एक जण बाकाकडे बघत राही. सानगडीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक जण त्यांतलाच. सर निवृत्तीनंतर एके दिवशी त्याच्या दुकानात गेले, ‘माझी आई’ हा त्याचा निबंध आपण कसा वाचला होता ते त्यांनी सांगितलं आणि हात जोडले. तो बिचारा गोंधळला. “सर, मले तं काईच आठवत नाई. तुमी बसा ना, कव्हर बदलवून देतो.” सर परत आले ते फार पडलेल्या चेहऱ्यानं. मला म्हणाले, “त्याले आठवतच नाई म्हणते. आता मी माफी कोणाले मागू?”

पण ज्या बाईला आठवत होतं, तिचा विषय निघाला की ते बोलायचे थांबत. ती गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ती सरळ सांगते.

पवनी तालुक्यातल्या एका गावात सर शिकवत होते. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला एक बाई होती. तिचं नाव इथं गयाबाई लिहिते. खरं नाव नाही, आणि गावही सांगत नाही. ते का, ते पुढे येईल. बाई आमच्यातलीच, बौद्ध, नवरा गेलेला, एक मुलगी लग्नाला आलेली. सुरुवातीला काही घरांनी पोरं जेवायला बसू दिली नाहीत. गयाबाई रोज तेवढीच खिचडी शिजवायची, उरलेली उरू द्यायची, पण कमी शिजवायची नाही. महिना-दोन महिन्यांत पोरं एकेक करून पंगतीत येऊन बसली. सरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर त्यांनी कथा लिहिली.

एवढंच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण सरांना वाटलं, कथा सपाट होते आहे. म्हणून त्यांनी तिच्यात एक मुख्याध्यापक घातला आणि त्याच्याशी त्या बाईचं नातं जोडलं. नाव बदललं, गाव बदललं. पण एक गोष्ट ठेवली. गयाबाई खिचडी शिजली का हे पाहायला चमच्यानं चार शितं डाव्या तळहातावर घ्यायची, डोळे मिटून चाखायची आणि कोणी असो नसो, “झालं बापा” म्हणायची. सरांना ते फार आवडलं होतं. कथेत तीन वेळा आलं होतं.

दिवाळी अंक निघाला. कथेला बक्षीस मिळालं, नागपुरात शाल मिळाली, ती पितळेची लेखणी मिळाली. त्याच दिवसांत कोणीतरी अंक गावात नेला. पानठेल्यावर ती कथा मोठ्यानं वाचली गेली. तळहातावरच्या शितांपाशी आले तेव्हा, म्हणतात, चार-पाच जण एकदमच बोलले: ही तं आपली गया. आणि ती एकदा ओळखू आली की पुढचं सगळंही तिचंच झालं. लिहिणारे मास्तर त्याच शाळेतले. त्यांना ठाऊक असणारच. खरं तेवढं अचूक लिहिलं होतं, म्हणून खोटंही खरं ठरलं.

गयाबाईला कामावरून कमी केलं. कारण कागदावर दुसरंच होतं. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे ती बालाघाटकडे एका बिजवराला दिली, दोन पोरांच्या बापाला. सरांची तोवर बदली झाली होती.

बक्षीस घेऊन घरी आले त्या दिवशी त्यांच्या बायकोनं विचारलं होतं, “न् ते बाईचं पुढं काय झालं?” सर म्हणाले, “अगं, गोष्ट हाय ते.” काकू परत काही बोलल्या नाहीत. बायको गेल्यावर तिचा तोच प्रश्न रोज ऐकू येतो, असं ते मला एकदा म्हणाले.

सानगडीत सात-आठ ख्रिस्ती घरं. बाजाराच्या मागं कौलारू खोलीत त्यांची रविवारची उपासना चाले. सर जन्मानंच ख्रिस्ती, आज्याच्या काळापासून. “मी ख्रिस्ती होतो जसा डोंगरे होतो,” ते म्हणत. “त्याच्यात माही काई कमाई नोती.” महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे: भाकरीचे बारीक तुकडे आणि तबकात इवल्याशा पेल्यांतून द्राक्षरस, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारा. त्याआधी पाळक सांगत की ज्याच्या मनात तुमच्यामुळे काटा रुतला असेल त्याच्याकडे आधी जाऊन या, मग इथं हात पुढे करा. हे सरांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. काकू गेल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला तबक हातात आलं आणि त्यांनी ते तसंच शेजाऱ्याकडे सरकवलं.

“मोठं दर्शन वगैरे काई झालं नाई,” मला सांगताना ते म्हणाले. “हात गेला नाई. बस.”

तेव्हापासून दर महिन्याला ते तबक दोन्ही हातांनी घेत आणि पुढे देत. गयाबाईकडून माफीचा शब्द आल्याशिवाय पेला घ्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. दोन गाड्या बदलून ते त्या गावी जात. गयाबाई आत निघून जाई आणि दार लावून घेई. ते सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपरीत, थोडं बसत आणि परत येत. अशी कितीतरी वर्षं.

मी त्यांच्याशी भांडायचे. “सर, चूक कळली, तुम्ही सुधारलात. देव नसता तर काय, तुम्ही माफी मागितली नसती?”

त्यांनी यावर विचार केला. कोणत्याही प्रश्नावर ते खरोखर विचार करत, ही त्यांची आणखी एक वाईट सवय. मग म्हणाले, “मागतली असती. पण लवकर आटपली असती.”

आता जे सांगायचं आहे त्यात माझाही हात आहे.

सरांनी त्या अंकाच्या संपादकांना पत्र लिहिलं होतं की माझ्या कथेतला अमुक भाग निखालस खोटा आहे, असं छापा. संपादकांचं उत्तर आलं की कथा ही कथाच असते, तिला शुद्धिपत्र नसतं. ते पत्र मी वाचलं आणि पेटले. मी म्हणाले, “ते छापत नाहीत तर आपण छापू. पत्रक काढा. त्याच गावात, बाजाराच्या दिवशी, स्वतः उभं राहून वाटा. खोटं छापून पसरलं ना? खरंही छापूनच पसरेल.”

सर म्हणाले, “आधी तिले वाचून दाखवावं लागन.”

“ती दार उघडत नाही, सर. आणि खरं सांगायला परवानगी कशाला लागते?”

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. मला वाटलं, मी जिंकले. आज वाटतं, ते थकले होते. इतकी वर्षं बंद दारापुढं बसून माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला तरुण माणसाचं बोलणं देवाच्या बोलण्यासारखं वाटू शकतं. त्यांनी आयुष्यात एक नियम कष्टानं कमावला होता. तो माझ्या शब्दावर त्यांनी मोडला.

मजकूर त्यांचा, मथळा माझा: ‘जाहीर कबुली’. गुलाबी कागद. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं भाजीच्या ओळीच्या तोंडाशी उभे राहिलो. सर प्रत्येकाच्या हातात पत्रक देताना म्हणत, “मी खोटं लिवलं होतं, भाऊ. वाचा.” काही म्हाताऱ्यांनी त्यांना ओळखलं. एकानं पाठीवर हात ठेवला. मी मनातून फुलून गेले होते. माझ्या वडिलांनी इतकी वर्षं सायकल हाणली ती याचसाठी, असं मला वाटलं.

संध्याकाळपर्यंत पत्रकाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता. ज्यांनी ती कथा कधी वाचली नव्हती अशी पोरं विचारत होती, ही गया कोण? नव्या सुनांना कोणीतरी सगळं पहिल्यापासून सांगत होतं. एकानं खाली लिहिलं: ‘काहीच नव्हतं तर मास्तर इतक्या वर्षांनी कबुली कशाला देते?’ त्यावर हसण्याच्या चित्रांची रांग. दोन दिवसांत तो फोटो बालाघाटकडे, जावयाच्या फोनवर पोचला. त्याला लग्नाआधी हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं बायकोला माहेरी आणून सोडलं. ती अख्खा उन्हाळा तिथं होती.

आम्हाला हे कळलं ते निरोप आला म्हणून. गयाबाईनं पहिल्यांदाच बोलावणं धाडलं होतं. सर म्हणाले, “तू नको येऊ.” मी गेलेच.

गयाबाई सपरीत उभी होती. माझ्या कल्पनेत ती मोडलेली, वाकलेली बाई होती. समोर होती ती ताठ, धानाच्या रोवणीच्या कामानं रापलेली, स्वच्छ नजरेची. आत कोणीतरी भांडी आदळत होतं. ती मुलगी असावी. सरांनी हात जोडले. गयाबाई त्यांच्या हातांकडे बघत बोलली. आवाज चढवला नाही.

“पयल्या खेपी तुमी मले न इचारता लबाड लिवलं. या खेपी न इचारता खरं लिवलं. मले कोन्या खेपी इचारलं?”

सरांचे हात जोडलेलेच राहिले. मी बोलले. बोलायची सवय होती. “मावशी, चूक माझी आहे. मीच सरांना…”

“तू कोन?” तिनं विचारलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. “चांगल्या घरची दिसतेस,” ती म्हणाली. “तुमाले दोघाले बोलता येते, लिवता येते. त्याच्यात माया पोरीचं घर दोन डाव मोडलं.”

सरांनी विचारलं, “आता मी काय करू, बाई?”

“काई करू नोका. लिवू नोका, सांगू नोका, वाटू नोका. तेवढं जमते का पाहा.”

“येऊ का कधी?”

“सडक सरकारची हाय,” गयाबाई म्हणाली आणि आत गेली. दार मात्र लावलं नाही.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. मी रडत होते, आणि हेही लिहायला हवं की मला राग आला होता: गावाचा, फोनचा, स्वतःचा. ते मध्येच म्हणाले, “पत्रकवाली, एक उपकार कर. याच्यातून काई शिकली म्हणून मले सांगू नको.”

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. मला ते खरं वाटलं नाही. लेखक असा सोडतो का? मला खात्री होती की आत कुठेतरी ते गयाबाईची खरी कादंबरी लिहीत आहेत, आणि ती एक दिवस पेटीतून निघेल. ते दर महिन्याला त्या गावी जात राहिले. तिथं काय होतं, हे विचारलं तर म्हणत, “बसतो.” एवढंच. जीभ जपून वापरणारा माणूस मी पाहिला आहे, पण ज्याची सगळी मिळकत शब्दांची, त्यानं एका बाईच्या सांगण्यावरून तोंड मिटून सपरीत बसणं, हे काय आहे ते मला कळत नव्हतं. त्यांच्याकडे त्यासाठी धर्मातला शब्द असेल. माझ्याकडे नाही.

मग त्यांचे हात थरथरू लागले. पोटात गाठ निघाली. भंडाऱ्याला नेलं, नागपूरला नेलं, परत आणलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका पहिल्या रविवारी. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून मी धरून उपासनेला नेलं आणि मागच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले. मी अशा जागी जात नाही. त्या दिवशी गेले. खोलीत पंधरा-वीस माणसं. पाळकांनी काट्याचं ते नेहमीचं सांगितलं. तबक आलं. सरांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि हात इतके कापत होते की सगळे पेले एकमेकांवर वाजायला लागले. मी खालून हात लावला. सगळी माणसं मागं वळून बघत होती. पाळक स्वतः उठून आमच्यापाशी आले, वाकले आणि हळूच म्हणाले, “सर, आज घ्या. देवानं केव्हाच क्षमा केली.”

“त्याची गोष्ट नाई,” सर म्हणाले. “तिकडून अजून निरोप नाई.”

आणि ते तबक त्यांनी माझ्या पलीकडच्या म्हाताऱ्याकडे सरकवलं. मला तेव्हा त्या पाळकाचा नाही, देवाचा नाही, गयाबाईचा राग आला. एक शब्द द्यायला काय जात होतं तिचं?

त्याच आठवड्यात सर गेले. पेटी उघडली तर रिकामी. वीस-बावीस गोष्टी त्यांनी आजारपणाच्या आधीच ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या होत्या. गयाबाईवरचा एक कागद नव्हता. मी खाटेखाली पाहिलं, टेबलाचे खण पाहिले, गादीखाली हात घातला. काही नव्हतं. ती म्हणाली तेवढं त्यांनी जमवलं होतं.

हे व्यक्तिचित्र मी लिहिलं, आणि मग कळलं की हे मला असंच छापता येणार नाही. म्हणून दोन गाड्या बदलून गेले.

गयाबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी म्हणाले, “मावशी, सरांवर लिहिलंय. तुम्ही आहात त्यात. नको म्हणाल तर इथंच फाडते.” ती म्हणाली, “वाच.” मी वाचलं. आपलं नाव आलं तिथं तिनं थांबवलं. “गया लिव. माया आजीचं नाव होतं. न् गाव काढून टाक.” खिचडीची शितं आली तिथं तिची बोटं तांदळात फिरत राहिली. मी भीत होते ती जागा आली, माझ्या रागाची, ती मी गाळली नाही. वाचली.

तिचे हात थांबले.

“कोनता निरोप?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. पेल्याचं, पहिल्या रविवारांचं, तिच्या एका शब्दासाठी ते इतकी वर्षं थांबल्याचं. तो नेम वर आलाय, पण तेव्हाच्या कागदात मी तो लिहिला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सरांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ते मागणं झालं असतं.

“दर महिन्यात येत होते,” ती म्हणाली. “बसत, न् जात. कायले येते, म्या इचारलं नाई. त्यायनं सांगतलं नाई.” सूप तिनं बाजूला ठेवलं. “सांगतलं असतं तं म्या देऊन टाकला असता. म्हातारा मानूस, दोन गाड्या बदलून येते.”

गल्लीतून कोणी सायकल ढकलत नेली.

“न् तो शब्द लबाड रायला असता,” गयाबाई म्हणाली. “मनातून निंघालाच नोता ना. अजूनई नाई निंघाला.”

मी कागद आवरायला लागले. ती म्हणाली, “पुढं वाच.”

“पुढं नाही, मावशी. एवढंच आहे.”

“मंग हे लिव. शेवटी आले तवा लय वाकले होते. पानी मागतलं, म्या देल्लं. पेऊन झाल्यावर गिलास धुवाले गेले. हात कापत होते, अर्धं पानी आंगावरच. म्या म्हटलं, राहू द्या, मी धुईन. आयकलं नाई. धुतला, हे इथं पालथा ठेवला,” तिनं सपरीच्या कडेवर बोट टेकवलं, “न् गेले. मांगं पाह्यलं नाई.”

मी तिथंच बसून कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. मी पितळेचा पेला लिहिला होता.

“इस्टीलचा होता,” गयाबाई म्हणाली. “बदलव.”